सिल्लेवानीच्या चढावर

नाही, नाही, सर — ‘दुर्दम्य’ नका लिहू, खोडा तो शब्द. व्यायामशाळेच्या बापूजींनी सांगितला असन तं त्याईले म्हणा, रुपरावानंच खोडाले लावला. मी अजनीच्या लोको शेडातला फिटर माणूस, इंजिनाच्या पोटाखाली झोपून जिंदगी गेली, मले कुठून आलं दुर्दम्य-बिर्दम्य? सरळ लिहा. रुपराव भोयर, वय एकोणपन्नास, राहणार सक्करदरा, यानं नागपूर ते पचमढी सायकल चालवली. बस. — मानपत्र म्हणून वाचाले पाच मिनिटं तरी पाह्यजेत? मंग तुमचं तुमी पाहा, मले त्यातलं काय समजते? बसा न पण, असे अवघडून काहून बसले? इकडं सरका, तिकडून ऊन येते. चहा नाही देऊ शकत, माफ करा. गोपिका, बायको माही, सकाळपासून वामनरावाकडंच हाय, कुरड्या घालाले. दरसाल ती अन् वामनरावाची बायको प्रेमिलावहिनी, दोघी मिळूनच घालतात. परवा हनुमान जयंती — व्यायामशाळेत मंडप, लाउडस्पीकर, अन् मी मान खाली घालून उभा — काय म्हणता? हार कोण घालणार? वामनराव. हो. त्याचाच हट्ट हाय सगळा. सत्कार करा म्हणून बापूजींच्या मागं तोच लागला, चालवत नाही तं रिक्षात बसून गेला व्यायामशाळेत. मी नाही म्हटलं होतं. तीनदा नाही म्हटलं. हे पाह्यजे तं लिहून ठेवा — नाही, राहू द्या, हे नका लिहू.

तुमी नवीन हा न या मोहल्ल्यात? वर्षही नसन झालं. मंग तुमाले वामनराव माहीतच नाही. तुमी पाह्यला तो पाठीशी दोन उशा घेऊन बसलेला, जिना पाहून घाम फुटणारा. तो वामनराव नव्हे. आमी पहिलीपासून एका बाकावरचे, सर. तो पुढं अन् मी मागं — बाकावर नाही, बाकी सगळ्यात. गणितात पुढं, आखाड्यात पुढं, सक्करदऱ्याच्या तलावात पोहाले तो पह्यले शिकला अन् मंग मले शिकवलं. तो मुन्सिपालटीच्या शाळेत मास्तर झाला, मी शेडात लागलो — माह्या नोकरीचा अर्जही त्यानंच लिहिला, इंग्रजीत, तीनदा फाडून चौथ्यांदा. अन् पुढं गेला न, की थांबायचा तो. वळून पाहायचा — ‘ये गा रुपराव, हळू ये, घाई नाही’ — अन् मी पोचलो की खांद्यावर हात टाकायचा. लोक म्हणत, काय दोस्ती हाय! होतीच दोस्ती. मी कुठं नाही म्हणतो? पण तुमच्यासाठी कोणी जिंदगीभर थांबून राह्यलं हाय का, सर? दर वळणावर? — नाही न. मंग तुमाले नाही समजायचं. पाहणाऱ्याले गोड वाटते ते. ज्याच्यासाठी थांबतात त्याले नाही वाटत.

असो. हे काय मानपत्राचं नाही. सायकलीचं सांगतो.

पचमढीचं आमचं जुनं होतं. बाविसाव्या वर्षी ठरवलं होतं तिघांनी — मी, वामनराव अन् लहानू. लहानू म्हणजे बर्डीवर ज्याचं शिलाईचं दुकान हाय तो, जाडा, हसला की सगळं पोट हालते. महादेवाले लोक पायी जातात, बशीनं जातात, आमी सायकलनं जाऊ. मंग एकेकाचं लग्न झालं, लेकरं झाले, राहून गेलं. गेल्या दसऱ्याले वामनराव सोनं देत देत म्हणे, ‘रुपराव, पचमढी राहूनच गेली गा.’ मी म्हटलं, आता काय, आता गुडघे वाजतात. तो म्हणे, ‘वाजू दे न. वाजतात म्हणजे हायेत.’ लहानूले डॉक्टरनं वजन कमी कर म्हणून दम देल्लाच होता, तो तयार झाला. झालं — दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमची तालीम सुरू. हसाल तुमी, तीन अर्धे पिकलेले माणसं, लहानूनं कापडाच्या एकाच थानातून शिवलेल्या तीन खाकी हाफपँटी, सकाळी साडेपाचले सक्करदऱ्याहून निघून राह्यले! गोपिका म्हणे, लोक म्हणतीन पोलीस भरती हाय का? सायकली आमच्या त्याच, काळ्या, बावीस इंची, दूधवाल्याच्या असतात तशा. मी शेडातून सुट्टी झाली की एकेक खोलून बसायचो. मागचं फ्रीव्हील जास्ती दात्यांचं टाकलं तिघांच्याही, म्हणजे चढाले पाय हलका पडन. ब्रेकचे रबर नवीन. कॅरिअरले दोन-दोन विटा बांधायच्या पोत्यात, सामानाची सवय व्हावी म्हणून. सेमिनरी हिल्सचा चढ पह्यल्या आठवड्यात एकदा, मंग तीनदा, डिसेंबरात पाच-पाचदा. रविवारी रामटेक. गडाच्या पायथ्यापासून वरपर्यंत न उतरता चढायचं — लहानूले एकदाही नाही जमलं, तो ढकलत यायचा अन् वर येऊन आमालेच शिव्या द्यायचा. मजा होती, सर. खरंच होती. त्या दोन महिन्यांत मी वीस वर्षांत हसलो नाही इतका हसलो.

हे लिहा. दोन-दोन विटा लिहा. अन् खाप्याचं — खाप्याचं नका लिहू.

काही झालं नाही खाप्याले. नाही, उगाच निघालं तोंडातून. — आता तुमी पेन ठेवून देल्लं तं सांगतो, पण हे कागदावर नाही जायचं. डिसेंबराचा शेवटला रविवार. खाप्यापर्यंत गेलो होतो, सावनेरवरून, कन्हानच्या काठावर. थंडी अशी होती की हँडल धरवत नव्हतं. लहानू गेला हॉटेलात भजे खायाले, मी खाली नदीवर उतरलो तोंड धुवाले. पाहतो तं वामनराव रेतीवर बसलेला. बसलेला म्हणजे — बसवून ठेवल्यासारखा. चेहरा राखेसारखा, अन् उजव्या हातानं डावा दंड दाबून राह्यला. इतक्या थंडीत कपाळावर घाम. मी म्हटलं, ‘काय झालं गा?’ तो हातानंच म्हणे थांब. मंग पाच-सात मिनिटांनी म्हणे, ‘छातीवर कोणी बसल्यासारखं होते. दोनदा झालं. आज तिसऱ्यांदा.’ मी म्हटलं, डॉक्टरले दाखवलं? म्हणे, ‘दाखवलं तं तो जाऊ देईन का?’ अन् माहा हात धरला त्यानं, सर. वामनरावानं माहा हात धरला — ‘कोणाले सांगू नको. लहानूले नाही, अन् प्रेमिलाले तं बिलकुल नाही. मले जायचं हाय, रुपराव. शाळेतून घरी, घरातून शाळेत, तीस वर्षं झाले, मले एकदा त्या घाटावर चढून जायचं हाय. तू हाय न सोबत. चढावर मी हाक मारली तं थांबजो. बस, इतकंच कर. मी हाक मारली की थांबजो.’

मी म्हटलं, थांबीन.

काहून म्हटलं? दोस्त होता म्हणून म्हटलं. त्याचं मन मोडवत नव्हतं — असंच मी समजत होतो. आताही कोणी इचारलं तं असंच सांगीन. पण वापस येताना, सर, त्या दिवशी खाप्याहून वापस येताना तो हळू चालवत होता, अन् सावनेरच्या नाक्यावर मी त्याच्या पह्यले पोचलो. पह्यल्यांदा. चाळीस वर्षांत पह्यल्यांदा मी पुढं, अन् तो मागून येऊन राह्यला. मी सायकल टेकवून उभा राह्यलो, वळून पाह्यलं — अन् माह्या तोंडातून निघालं, ‘ये गा वामनराव, हळू ये, घाई नाही.’ तो हसला. त्याले काहीच नाही वाटलं. मले मात्र — काय सांगू तुमाले — मले घरी येईपर्यंत पायडलच जाणवलं नाही पायाखाली.

नाही, पाणी नको मले. तुमी घ्या, माठ तिथं हाय.

मंग जानेवारी. संक्रांतीचं वाण द्यायच्या निमित्तानं प्रेमिलावहिनी आल्या घरी. गोपिका आत गेली तसा दारातूनच हळू आवाजात म्हणतात, ‘भाऊजी, एक इचारू? यांची तब्येत बरी हाय न? जेवताना मधातच थांबून जातात. काय होते म्हटलं तं काही सांगत नाही. तुमी सोबत असता, चढावर दमत तं नाही न?’ अन् पाहून राहिल्या माह्याकडं. मास्तरीण बाई नाही ती, साधी बाई, पण डोळे असे की खोटं बोलाले जीभ उचलत नाही. माही उचलली. मी म्हटलं, ‘वहिनी, घोड्यासारखा चढते. मलेच मागं टाकते.’ तिचा चेहरा असा मोकळा झाला, सर! म्हणे, ‘मंग माह्याच मनाचे खेळ.’ अन् तिळगूळ ठेवला हातावर. तो मी खाल्ला. तिच्या समोरच खाल्ला.

तुमी म्हणाल, वचन देल्लं होतं म्हणून नाही सांगितलं. हो, तेही हाय. पण सांगितलं असतं तं जाणं बंद झालं असतं, अन् जानेवारीत मी काय होतो माहीत हाय का तुमाले? सेमिनरी हिल्सवर मी त्याच्या दोन-दोन मिनिटं आधी पोचत होतो वर. तो खालून येताना टाळ्या वाजवायचा, हँडल सोडून! ‘वा रुपराव, वा! पाय हायेत की इंजिन?’ लहानूले वाटे मी सुधारलो. वामनरावालेही तसंच वाटे का काय कोण जाणे. मलेही वाटू लागलं. मले माहीत होतं तो काहून मागं पडते, अन् तरीही वाटू लागलं. माणूस काय वाटून घेईन याचा काही नेम नाही, सर.

निघालो शिवरात्र झाल्यावर, गर्दी ओसरू देल्ली. सत्त्याहत्तर साल, फेब्रुवारीची पंचवीस तारीख — हे लिहा, तारीख पाह्यजे मानपत्रात. व्यायामशाळेपासून निघालो, बापूजींनी नारळ फोडला, गोपिकानं अन् वहिनीनं ओवाळलं तिघांले. पह्यल्या दिवशी सावनेर करून सौंसर. मुक्काम धर्मशाळेत. दुसऱ्या दिवशी सकाळी रामाकोना सोडलं अन् मंग तो घाट लागला, सिल्लेवानीचा. तुमी कधी गेले नसान. बशीत बसून तो काही वाटत नाही, झोप लागते माणसाले. सायकलवर तो संपत नाही. एक वळण झालं की वाटते आता माथा, तं पुढं दुसरं वळण उभं. दोन्हीकडून साग, पानं वाळून रस्त्यावर पडलेले, टायराखाली पापडासारखे मोडत. लहानू तं पह्यल्या चढालेच उतरला, म्हणे, ‘जा गा तुमी, मी माही गाय चारत येतो.’ मी पुढं. वामनराव माह्या मागं, असन साठ-सत्तर पावलं. सकाळचे अकरा वाजले असतीन. दोन वळणं गेले. श्वास ऐकू येत होता त्याचा — नाही, माहाच असन. माहाच होता.

अन् मंग त्यानं —

लिहू नका म्हटलं न मी! पेन खाली ठेवा.

सगळ्याले काय सांगितलं मी? व्यायामशाळेत, शेडात, गोपिकालेही — मी लय पुढं होतो, काही ऐकू आलं नाही, मले वाटलं दोघं मागून येऊन राह्यले. हेच तुमाले बापूजींनी सांगितलं असन. सांगितलं न? हं. आता ऐका. हाक आली. पह्यले नुसती, ‘रुपराव!’ — वर्गात पोराले उठवते तशी. मी पायडल मारलं. दुसऱ्यांदा, ‘रुपराव, थांब गा!’ स्पष्ट, सर. तुमी आता माह्यासमोर बसले हा तितकं स्पष्ट. माह्यासमोर शेवटलं वळण होतं, त्याच्या पुढं आभाळ दिसून राह्यलं होतं, म्हणजे माथा. बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून ऐकलेला घाट, अन् मी एकदाही न उतरता आलो होतो. अजून दोनशे पावलं. मी मनात म्हटलं, वर पोचून थांबतो. चढावर थांबलो तं पाय पुन्हा धरत नाहीत, हे खरं हाय, कोणत्याही सायकलवाल्याले इचारा. वर पोचलो की लगेच थांबतो, उतरून खाली जातो — असं म्हटलं मी. अन् तिसरी हाक आली. ती पूर्ण नाही आली. नुसतं ‘रु’ आलं. पुढचं नाहीच आलं.

अन् माहे पाय चालून राह्यले होते. मी काही ठरवलं नाही. पाय चालून राह्यले होते, बस.

वर पोचलो. मैलाच्या दगडावर बसलो. गूळ-शेंगदाणे काढले खिशातून. तुमाले वाटन मी घाबरलो असन, धावत खाली गेलो असन. मी गूळ-शेंगदाणे खाल्ले. गोड लागले. इतके गोड की — मी रडलो, सर, आनंदानं. अख्ख्या घाटावर मी एकटा वर, अन् खाली सगळं जंगल पसरलेलं. मंग पाच मिनिटं गेले, दहा गेले, वीस गेले. कोणी येईना. खालच्या वळणावर एक लाकडाचा ट्रक उतरताना दिसला, घरघर करत, मधात थांबला, मंग पुन्हा निघाला. तो काहून थांबला असन, हे मी स्वतःले इचारलं नाही. कितीतरी वेळानं खालून बस आली, छिंदवाड्याची. माथ्यावर डायवरनं इंजिन थंड कराले थांबवली. कंडक्टर उतरला, माही सायकल पाह्यली, म्हणे, ‘नीचे पुलिया पे एक आदमी की छाती में दर्द उठा, लकड़ी के ट्रक में सौंसर ले गये. मोटा आदमी साथ था. दो साइकिलें पड़ी हैं वहाँ. आपके साथ के थे क्या?’

मी म्हटलं, ‘नहीं. मैं अकेला हूँ.’

…

हो. तेच म्हटलं. तुमी बरोबर ऐकलं.

काहून म्हटलं ते मले इचारू नका, मी पाच आठवडे झाले तेच इचारून राह्यलो स्वतःले. हो म्हटलं असतं तं त्यानं त्या बशीतून नाही, दुसऱ्या बशीतून खाली पाठवलं असतं, मी सौंसरले गेलो असतो, दवाखान्याच्या दारात बसलो असतो, अन् जिंदगीभर — जिंदगीभर मी तोच असतो, वामनरावाच्या मागून येणारा. बस गेली. मी उभा राह्यलो, एक पाय पायडलवर, तोंड खालच्या बाजूले. लय वेळ उभा होतो. त्यानं माहा अर्ज लिहिला होता ते आठवलं. माह्या बापाले खांदा देल्ला होता ते आठवलं. सगळं आठवलं अन् मंग मी सायकल वळवली, अन् पुढं निघालो. उमरानाला, छिंदवाडा, तामिया. तामियाचा चढ सिल्लेवानीहून कठीण म्हणतात, मले काही नाही वाटलं. चौथ्या दिवशी पचमढी. तिथं काय पाह्यलं, काय खाल्लं, काही आठवत नाही. महादेवाच्या दारापर्यंत गेलो, आत नाही गेलो. पोस्टात गेलो, कार्ड घेतलं, वामनरावाच्या घरच्या पत्त्यावर लिहिलं — ‘पोचलो. रुपराव.’ दोनच शब्द. तो जिवंत हाय की नाही हे मले माहीत नव्हतं, सर, अन् मी त्याले कार्ड टाकलं पोचलो म्हणून.

सायकल बशीच्या टपावर टाकून वापस आलो. गोपिका दारातच म्हणे, ‘तुमाले माहीत नाही का? वामनभाऊले झटका आला, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ठेवलं हाय.’ मी म्हटलं, नाही वं, मले कसं माहीत असन? तसाच गेलो. खाटेभोवती प्रेमिलावहिनी, लहानू, बापूजी, शाळेतले दोन मास्तर. लहानू माह्याकडं पाहत नव्हता. चाळीस वर्षांचा दोस्त, पण पाहत नव्हता, कारण खाली ढकलत येताना हाका त्यानंही ऐकल्या होत्या, अन् त्यानं मनाशी हिशेब केला असन, मले ऐकू आलंच असन म्हणून. तो तोंड उघडणार होता, मी पाह्यलं. तितक्यात वामनराव — आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा — म्हणतो, ‘आला का गा? पोचला? वा.’ अन् मंग सगळ्याले ऐकू जाईन असं, ‘पह्यल्या वळणालेच यानं थांबाले पाह्यलं होतं. मीच म्हटलं, तू जा, थांबला तं बोलणार नाही तुह्याशी. मीच पाठवलं याले.’ लहानूनं तोंड मिटलं. वहिनीनं माह्यापुढं हात जोडले. मी काय केलं? मी पोलादाच्या त्या खाटेचा दांडा धरून उभा राह्यलो.

अन् ते कार्ड, सर, पोस्टाचा शिक्का असलेलं, ते त्यानं उशीखाली ठेवलं अन् जो येईन त्याले दाखवत सुटला. ‘आमचा रुपराव पोचला.’ त्याच कार्डावरून हा सत्कार.

तुमी म्हणाल, मंग त्याले जाऊन सांगून टाक न बाबा, पाय धर, मोकळा हो. म्हणून राह्यले न? गेलो होतो. गेल्या गुरुवारी गेलो होतो. दुपारचा तो एकटाच होता, पडवीत खाटेवर. मी ठरवून गेलो होतो की सांगायचं. बसलो. माह्याआधी तोच बोलला. भिंतीकडं पाहत, सहज, पोराले पाढा इचारावा तसं — ‘रुपराव, त्या दिवशी माही हाक तुले ऐकू आली होती का गा?’

इतक्या दिवसांत एकदाच इचारलं. मले वाटलं, आता. हीच वेळ. अन् मी म्हटलं, ‘नाही गा. आली असती तं थांबलो नसतो का?’

अन् त्याचा चेहरा असा सैल झाला, जसं कोणी छातीवरून उठून गेलं. म्हणे, ‘तेच म्हटलं मी. वारं होतं न. उलट्या वाऱ्यानं आवाज वर जात नाही, खालीच राह्यते.’ अन् हसला, माह्या गुडघ्यावर थापटलं, म्हणे, ‘मंग हार मीच घालणार, बापूजीले सांगून ठेवलं हाय.’ आता सांगा, सर, कसं सांगू मी त्याले? त्याले तितकंच तं पाह्यजे होतं, मले ऐकू नाही आलं इतकंच. त्याच्या अंगात आता ताकद किती राह्यली? मी माहं मोकळं होण्यापायी त्याले ते ऐकवू? तो मरन. म्हणून मी चूप हाव, म्हणून उभा राहीन मंडपात, म्हणून तुमाले बोलावलं — नाही, तुमालेही काही सांगणार नव्हतो, तुमी आपले चूपचाप ऐकत राह्यले अन् मी बोलत गेलो. पण त्याचं समाधान झालं, सर, ते खरं हाय. तो म्हणे, वारं होतं. उलटं वारं —

वारं.

थांबा. थांबा जरा.

वारं कुठं होतं?

नाही, सर, मी तिथं होतो न. वर दगडावर बसून मी बिडी पेटवली होती, एकाच काडीत पेटली, हाताचा आडोसाही नाही केला. धूर सरळ दोरीसारखा वर गेला. सागाचं एक पान उचललं होतं मी खालून, उगाच, अन् हातातून सोडलं तं पायापाशीच पडलं. पान हालत नव्हतं घाटात त्या दिवशी. अन् तो? तो तं त्या पुलियाच्या मोरीवर अर्धा घंटा उताणा पडला होता, झाडाकडं तोंड करून. लहानूनंच सांगितलं — डोळे उघडे होते, वर पाहत होता, बोलत नव्हता. अर्धा घंटा त्या पानांकडं पाहून राह्यला तो. वारं नव्हतं हे त्याच्याहून जास्त कोणाले माहीत?

त्याले माहीत हाय.

त्यानं मले इचारलं, मी खोटं बोललो, अन् मी अडखळायच्या आधी त्यानंच मले वारं आणून देल्लं. असं हातात ठेवलं. घे गा, हे वारं घे, अन् मंडपात उभा राह्य. अन् मी घेतलं. मी घरी आलो अन् गोपिकाले म्हटलं, वामनराव बरा दिसते आता, हसला माह्याशी…

नाही, नाही, पाणी नको म्हटलं न. हात सोडा. मी बरा हाव. तुमचे कागद घ्या. ते पह्यलं वाक्यही राहू द्या, खोडलेला शब्द राहू द्या, काही लिहू नका पुढं. बापूजींले सांगा — काहीच सांगू नका बापूजींले. मी सांगीन जे सांगायचं ते, पण आधी तिथं जातो, त्याच्याकडं. आता. ऊन हाय तं हाय. प्रेमिलावहिनी असन, गोपिका असन, असू द्या, दोघींच्या समोर सांगतो. उठा, सर. उठा न. चष्मा राह्यला तुमचा. उठा, मले कुलूप लावायचं हाय.